प्रेझेंटेशन देताना आवाज मध्येच पातळ होतो – श्वासाचे व्यायाम खरंच उपयोगी पडतात का?

तिरफळ | सोमवार, रात्री १०:१२

नमस्कार मंडळी,

चाकणला वाहनांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कारखान्यात मी क्वालिटीमध्ये आहे. महिन्याच्या आढावा बैठकीत नाकारलेल्या मालाचे आकडे मला मांडावे लागतात. समोर पंधरा-वीस माणसं, लांबलचक टेबल आणि भिंतीपलीकडे कॉम्प्रेसर. पहिल्या दोन-तीन स्लाइड बऱ्या जातात. मग आवाज पातळ होत जातो आणि वाक्य संपता संपता नुसती हवा उरते. टेबलाच्या त्या टोकाला बसलेले साहेब "काय म्हणालात?" विचारतात. मग मी तेच वाक्य ओरडून सांगते आणि ते भांडल्यासारखं ऐकू येतं. संध्याकाळी घरी घसा बसलेला.

घाबरते का? थोडी घाबरते, नाही म्हणत नाही. पण विषय पाठ असतो, आकडे माझेच असतात. त्यामुळे भीती हे एकच कारण असेल असं वाटत नाही.

ज्याला विचारावं तो "पोटाने श्वास घे" एवढंच सांगतो. व्हिडिओ बघून पोट फुगवून खोल खोल श्वास घेतले, तर डोकं हलकं होतं आणि बोटांना मुंग्या येतात. हे असंच होतं का? पोटाने श्वास घेणं म्हणजे नक्की काय करायचं? आणि त्याने आवाज खरंच वाढतो, की ही नुसती सांगायची पद्धत आहे? ज्यांना रोज बोलावं लागतं त्यांनी अनुभव लिहा प्लीज.

खवट_काका | सोमवार, रात्री १०:३१

बेंबीच्या देठापासून बोला. आमच्या वेळी श्वास घ्यायला व्हिडिओ लागत नव्हता, तो आपोआप घेतला जायचा.

(हलके घ्या.)

कोरडी_चटणी | सोमवार, रात्री १०:४०

नाकारलेल्या मालाचे आकडे मोठ्याने कशाला सांगायचे? हळूच पुटपुटून खाली बसायचं. तुमचा आवाज तुमच्यापेक्षा हुशार आहे.

पाटी_पेन्सिल | सोमवार, रात्री ११:२५

तिरफळ, मी निवृत्त शिक्षिका. सातारा जिल्ह्यात जिल्हा परिषदेच्या शाळांत आयुष्य गेलं. पत्र्याचं छप्पर, तिसरी-चौथी एकत्र, आणि पाऊस सुरू झाला की स्वतःचा आवाज स्वतःला ऐकू येत नसे. एका पावसाळ्यात आवाज बसला तो परत येईना. कान-नाक-घशाच्या डॉक्टरांनी दुर्बीण घालून बघितलं, तर स्वरतंतूंवर बारीक गाठी. मला वाटलं, आता ऑपरेशन. पण त्यांनी आधी स्पीच थेरपिस्टकडे पाठवलं आणि बहुतेक काम तिथेच झालं.

तिथे पहिला धडा मिळाला तो असा: गोंगाटाच्या वर बोलायचं नाही. गोंगाट थांबेपर्यंत गप्प उभं राहायचं, पाऊस थांबणार नसेल तर लिहायला द्यायचं. दुसरा धडा, फळ्यावर लिहिताना बोलायचं नाही, कारण मान वळलेली असते आणि आवाज भिंतीला जातो. श्वासाचा धडा त्यानंतर आला. मी वाक्य सुरू करायच्या आधी खांदे उचलून हवा भरायची आणि ती पहिल्या चार शब्दांतच खर्च करायची. सगळ्या शिक्षिका तसंच करतात, बघा कुठल्याही शाळेच्या खिडकीतून.

कॉम्प्रेसर बंद करता येतो का हे आधी विचारा. मग श्वासाचं बघू.

योगायोग | मंगळवार, सकाळी ६:०५

सगळ्यांवर एकच उपाय: कपालभाती. बैठकीच्या आधी पाच मिनिटं जोरात कपालभाती करा, मग भस्त्रिका. फुप्फुसांची ताकद वाढली की आवाज आपोआप खणखणीत होतो. मी रोज करतो, माझा आवाज शेजारच्या बिल्डिंगमध्ये ऐकू जातो.

खवट_काका | मंगळवार, सकाळी ७:१४

शेजारच्या बिल्डिंगचं मत कळेल का?

स्वरपेटी | मंगळवार, दुपारी १:५०

मी स्पीच थेरपिस्ट आहे. माझ्याकडे येणाऱ्यांत शिक्षक, वकील, कॉल सेंटरवाले आणि भाजीवाले सगळ्यात जास्त. पाटी_पेन्सिल बाईंच्या अनुभवाला नमस्कार, क्रम त्यांनी अगदी बरोबर लावलाय. जरा सविस्तर लिहिते.

पोटात हवा जात नाही. हवा फुप्फुसातच जाते. छाती आणि पोट यांच्यामध्ये श्वासपटल नावाचा घुमटाकार स्नायू आहे. तो आकुंचन पावला की खाली सरकतो, पोटातले अवयव खाली-पुढे ढकलले जातात आणि म्हणून पोट पुढे येतं. मुद्दाम पोट फुगवणं आणि श्वासपटल खाली गेल्यामुळे पोट पुढे येणं यात फरक आहे. पहिलं श्वास न घेतासुद्धा करता येतं, करून बघा. तपासायचं तर तळहात बरगड्यांच्या खालच्या कडेवर, दोन्ही बाजूंना ठेवा. श्वास घेताना हात बाहेरच्या बाजूला सरकले पाहिजेत आणि खांदे जागेवर राहिले पाहिजेत.

दुसरं म्हणजे, श्वासपटल हा श्वास आत घेण्याचा स्नायू आहे. बोलतो आपण श्वास सोडताना, तेव्हा तो हळूहळू सैल होत वर जात असतो. म्हणून "डायफ्रॅममधून आवाज काढा" या वाक्याला शरीरशास्त्रात फारसा अर्थ नाही. आवाज तयार होतो स्वरयंत्रात. फुप्फुसातून येणाऱ्या हवेच्या दाबाने स्वरतंतू कंप पावतात, बायकांचे सेकंदाला साधारण २०० वेळा, पुरुषांचे १०० ते १२५ वेळा. तो दाब किती आणि किती वेळ टिकतो, एवढंच श्वासाच्या हातात.

आता तिरफळची अडचण. शांत बसलेलं असताना श्वासाच्या एका फेरीतला साधारण ४० टक्के वेळ आत घ्यायला जातो आणि ६० टक्के सोडायला. बोलताना हेच प्रमाण १० आणि ९० च्या आसपास होतं. म्हणजे हवा झटकन घ्यायची आणि बेताने सोडायची. जी माणसं घाबरलेली किंवा घाईत असतात ती उलटं करतात: भरपूर हवा भरतात, पहिल्या शब्दांत ती भसकन सोडतात आणि उरलेलं वाक्य तळाच्या हवेवर ओढतात. पगार एक तारखेला उडवला की वीस तारखेला उसने मागावे लागतात, तसं. फुप्फुसं विश्रांतीच्या पातळीच्या (साधा श्वास सोडल्यावर ती जिथे थांबतात त्याच्या) खाली गेली की हवा बाहेर ढकलायला पोट आणि बरगड्या आवळाव्या लागतात, सोबत गळाही आवळतो. आवाज पातळ, चिरका होतो तो तिथे. घसा दुखतो तोही त्यामुळेच.

चक्कर आणि मुंग्या: लागोपाठ खोल श्वास घेतल्याने रक्तातला कार्बन डायऑक्साइड गरजेपेक्षा कमी होतो. म्हणून बोलायच्या आधी मोठे श्वास घ्यायचे नाहीत. नेहमीएवढाच श्वास घ्यायचा, फक्त सोडायला जास्त वेळ लावायचा. साधारण चार आकडे मोजत आत आणि सहा-सात मोजत बाहेर, दोनेक मिनिटं. त्याने छातीतली धडधडही उतरते, कारण श्वास सोडताना हृदयाची गती जराशी मंदावते.

रोजचा व्यायाम म्हणाल तर "स्स्स्" असा आवाज काढत हवा एकसारखी सोडायची. सुरुवातीला जेवढा जोर, शेवटी तेवढाच. किती सेकंद टिकलं यापेक्षा आवाज डळमळतो का इकडे लक्ष द्या. मग तेच "झ्झ्झ्" करून. दोन्हींची वेळ जवळपास सारखी यायला हवी. "स्स्" व्यवस्थित चाललं आणि "झ्झ्" बरंच आधी तुटलं, तर स्वरतंतू एकदा डॉक्टरांना दाखवून घ्या.

कोरडी_चटणी | मंगळवार, दुपारी २:०५

ऑफिसमध्ये डेस्कवर बसून स्स्स् केलं. पलीकडचा म्हणाला, "कुकर किती शिट्ट्यांचा?"

योगायोग | मंगळवार, सायंकाळी ५:३०

स्वरपेटीताई, म्हणजे हजारो वर्षांचं प्राणायामशास्त्र चुकीचं आणि तुमचं स्स्स् बरोबर? वा!

स्वरपेटी | मंगळवार, सायंकाळी ६:१०

असं कुठे म्हटलं मी? कपालभाती हठयोगात षट्कर्मांपैकी एक, म्हणजे शुद्धिक्रिया. तिच्यात झटके देत श्वास बाहेर टाकायचा असतो. बोलताना नेमकं उलट हवं, हवा धरून धरून सोडायची. बैठकीच्या दारात उभं राहून झटक्यांचा सराव करण्यात मला फायदा दिसत नाही. शिवाय रक्तदाब, हृदयविकार, हर्निया, गरोदरपण असेल तर ती करूच नये असं योगशिक्षकही सांगतात, आणि इथे वाचणाऱ्या कोणाला काय आहे ते आपल्याला ठाऊक नाही.

प्राणायामातूनच हवं असेल तर भ्रामरी घ्या. तोंड मिटून मऊ गुणगुण, लांब उच्छ्वास. आवाज तापवायला उत्तम. मी स्वतः पेशंटना हेच वेगळ्या नावाने देते.

लोणावळेकर | मंगळवार, रात्री ९:००

भ्रामरीवरून आठवलं. प्राणायाम विरुद्ध विज्ञान हे भांडण आमच्या गावाने कधीच जुनं करून टाकलंय. स्वामी कुवलयानंदांनी १९२४ साली इथे कैवल्यधाम काढलं तेच योगक्रिया प्रयोगशाळेत मोजून बघायला. आणि गुणगुणल्यावर नाकातल्या हवेत नायट्रिक ऑक्साइड कितीतरी पटींनी वाढतं हे २००२ मध्ये स्वीडनच्या संशोधकांनी मोजलंय. आवाज मोठा होण्याशी त्याचा संबंध नाही हे मान्य, पण योगायोगरावांना तेवढंच बरं वाटेल.

योगायोग | मंगळवार, रात्री ९:२०

वाटलं. धन्यवाद.

भैरवी_सकाळी | बुधवार, सकाळी ८:४५

मी बरीच वर्षं गाणं शिकतेय. आमच्याकडे पहाटे खर्ज लावायचा असतो. मंद्र सप्तकातला सा, तोही जोर न लावता, नुसता धरून ठेवायचा. सुरुवातीला कंटाळा येतो. काही महिन्यांनी बोलण्याचा आवाजही खाली उतरतो, भरतो. तिरफळने गाणं शिकायची गरज नाही, पण सकाळी चहाच्या आधी खालच्या पट्टीत ओंकार म्हणून बघावा. चुकूनही ताणायचं नाही.

दमसास म्हणजे मोठी फुप्फुसं असा मात्र गैरसमज नको. कुमार गंधर्वांचं उदाहरण सगळ्यांना माहीत आहे. क्षयाने एक फुप्फुस निकामी झालं, देवासला अंथरुणावर वर्षं गेली, गाणं बंद. आणि १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला ते परत उभे राहिले ते वेगळं गाणं घेऊन. लांबलचक पल्ल्यांच्या जागी छोट्या, नेमक्या, टोकदार जागा. कुठे थांबायचं हे ज्याला कळलं त्याला हवा कमी पडत नाही.

खवट_काका | बुधवार, सकाळी ९:०२

कुमारांचं उदाहरण क्वालिटीच्या आकड्यांना! हे संस्थळ धन्य आहे.

(मुद्दा मात्र पटला.)

विंगेतून | बुधवार, रात्री १२:१५

कॉलेजात पुरुषोत्तम करंडकाच्या तालमी केल्यात. भरत नाट्य मंदिरात शेवटच्या रांगेपर्यंत जायला हवं आणि माईकचा भरवसा नाही. आमचा दिग्दर्शक तालमीला हॉलच्या मागच्या भिंतीला टेकून बसायचा आणि ऐकू आलं नाही की बोलायचा काही नाही, फक्त हात वर करायचा. पहिल्या आठवड्यात त्याचा हात खालीच येत नव्हता.

आम्ही सगळे आवाज वाढवत होतो आणि तो हात कायम वाक्याच्या शेवटी वर जात होता. सुरुवात सगळ्यांची ऐकू येत होती! आपल्या भाषेत क्रियापद शेवटी येतं, नकारही शेवटीच. "हा माल परत पाठवावा लागेल असं मला वाटत नाही" या वाक्यात तुमची हवा "वाटत"ला संपली, तर साहेबांनी माल परत पाठवलाच म्हणून समजा. सगळं वाक्य कानांवर जातं आणि निकाल तेवढा जात नाही.

म्हणून आम्ही संहितेत पेन्सिलीने श्वासाच्या जागा आखायचो. जिथे अर्थ तुटतो तिथे श्वास, मग दम लागो न लागो. आणि क्रियापदाच्या आधीच्या शब्दावर मनातल्या मनात एक खूण: इथे हवा शिल्लक पाहिजे. सतत मोठ्याने बोलायची गरजच पडत नाही. व्यंजनं स्वच्छ आली आणि शेवट सांडला नाही तर मध्यम आवाजसुद्धा शेवटच्या रांगेत पोचतो.

तिरफळ, तुझ्या स्लाइडवर जे बोलायचंय ते एकदा बोलीभाषेत लिहून काढ आणि खुणा कर. वाक्यं अर्धी तोड. बैठकीत दीड-दोन ओळींचं वाक्य कोणी बोलत नाही आणि कोणी ऐकतही नाही.

तिरफळ | बुधवार, सकाळी ७:५०

विंगेतून, तुम्ही आमच्या बैठकीला आला होतात का? मोबाईलवर घरी रेकॉर्ड करून ऐकलं आत्ता. "या बॅचमध्ये दोष वाढलेले नाहीत" मधलं "नाहीत" मलाच ऐकू आलं नाही, आणि वाक्य माझं आहे! मागच्या बैठकीनंतर साहेबांनी त्या बॅचची फाईल का मागवली असेल, याचा आता अंदाज येतोय.

वाळवण | बुधवार, सकाळी ८:१०

"नाहीत" नाहीसं झालं. :D

फिलीचा_जावई | बुधवार, सकाळी ९:३० (इकडे मंगळवारची रात्र)

न्यू जर्सीहून लिहितोय. आमचं सगळं इंग्रजीत आणि बरंचसं व्हिडिओवर. क्रियापद इकडे मध्ये येतं, पण नवी माहिती बहुतेक वेळा शेवटीच असते, त्यामुळे विंगेतून यांचा नियम इकडेही लागू.

कॉम्प्रेसरबद्दल: एतिएन लोम्बार्ड नावाच्या फ्रेंच डॉक्टरने १९११ साली दाखवलं की गोंगाट वाढला की माणूस नकळत आवाज चढवतो. ठरवून नाही, आपोआप. म्हणजे तिरफळ "आज शांतपणे बोलायचं" असं कितीही ठरवून गेली तरी ते यंत्र सुरू झालं की तिचा गळा आवळणारच. श्वासाचे व्यायाम करा, पण त्या खोलीचंही काहीतरी करा. अंतराचंही बघा: मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झालं की आवाज ६ डेसिबलने उतरतो. खोलीत भिंतींमुळे इतका नाही उतरत, पण उतरतो. पडद्याजवळ टेबलाच्या टोकाला उभं राहण्याऐवजी टेबलाच्या मध्यावर, बाजूला उभं राहिलं तर सगळ्यात लांबचा माणूस निम्म्या अंतरावर येतो. फुकटातला फायदा.

व्हिडिओवाल्यांसाठी: हेडसेटचा माईक तोंडाच्या अगदी समोर नको, ओठांच्या कोपऱ्याशी ठेवा. नाहीतर प्रत्येक श्वास फुसफुस ऐकू येतो आणि लोकांना वाटतं तुम्ही जिने चढून आलाय.

स्पष्टवक्ती | बुधवार, दुपारी १२:२०

सगळं ऐकून घेतलं, आता जरा वेगळं. पंधरा-वीस माणसांत बायका किती, तिरफळ? माझा अंदाज: तू आणि एचआरवाली. पुरुष पुटपुटला की लोक पुढे वाकून ऐकतात, बाई जरा हळू बोलली की "काय म्हणालात?" आणि जरा मोठ्याने बोलली की "चिरका आवाज". आवाजाचा व्यायाम तिने करायचा आणि कानाचा कोणी करायचा? एक माईक आणायला किती पैसे लागतात? कॉम्प्रेसरशेजारी बैठकीची खोली कोणी बांधली?

खवट_काका | बुधवार, दुपारी १२:४५

माईक आणला तर तो साहेबांच्या हातात जाईल, परत येणार नाही. अनुभवाचे बोल.

स्वरपेटी | बुधवार, दुपारी ३:१५

स्पष्टवक्ती, सहमत. माझ्याकडे "माझा आवाज जाड करून द्या" म्हणत येणाऱ्या मुली असतात, आणि तपासल्यावर आवाजात दोष काहीच नसतो. मुद्दाम खालच्या पट्टीत दाबून बोलायला लागल्या की घसा आणखी दुखतो. भैरवी म्हणाल्या तसं, उतरेल तेवढाच उतरू द्यावा. तिरफळच्या बाबतीत मात्र संध्याकाळी घसा बसतो ही खूण आहे. दोन-तीन आठवडे घोगरेपणा जाईना झाला तर डॉक्टर, मग बाकीचं.

डफवाला | बुधवार, रात्री ९:४०

सगळ्यांनी श्वास घ्यायचं सांगितलं, श्वास घ्यायला वेळ कुठनं आणायचा ते कुणी सांगंना. आमच्या घरात शाहिरी. चुलते पोवाडा म्हणायचे, गावच्या चौकात, माईक असला तर असला. आता शाहीर एवढा चढ्या आवाजात गातोय, दम टिकतो कसा? तर मागं झीलकरी असतात. शाहिरानं ओळ टाकली की ते "जी जी रं जी जी" उचलणार, तेवढ्यात शाहीर श्वास घेणार, डफावर थाप मारणार, समोरच्या गर्दीकडं एकदा बघणार. ऐकणाऱ्याला वाटतंय जोश चढायलाय, हिकडं शाहीर विसावा घेतोय. वारकरी कीर्तनात बी तेच. टाळकऱ्यांनी चाल धरली, बुवांनी तांब्यातलं पाणी घेतलं.

तर ताई, तुमचा झीलकरी कोण?

तिरफळ | बुधवार, रात्री १०:०५

डफवाले दादा, झीलकरी कुठला! क्लिकर मी धरते, लॅपटॉप मी सांभाळते, प्रोजेक्टर बंद पडला तर वायर पण मीच हलवते.

डफवाला | बुधवार, रात्री १०:२०

मग तक्त्याला झीलकरी करा. आलेख आला की "हे बघून घ्या" म्हणायचं आन् गप बसायचं. लोक बघतात तवर तुमचा श्वास. बोलत बोलत स्लाइड बदलायची न्हाई.

विंगेतून | बुधवार, रात्री ११:५५

डफवाला यांना कडक सलाम. एवढी वर्षं नाटक करून मला हे सुचलं नव्हतं.

आजीचा_बटवा | गुरुवार, सकाळी ७:३०

बैठकीच्या आधी ज्येष्ठमधाची काडी चघळावी, खडीसाखर तोंडात ठेवावी. रात्री हळद-दूध. आवाज मधासारखा होतो.

कोरडी_चटणी | गुरुवार, सकाळी ७:४४

तोंडात खडीसाखर ठेवून "रिजेक्शन रेट" म्हणून दाखवा.

स्वरपेटी | गुरुवार, दुपारी १:३०

आजीच्या बटव्याशी भांडण नाही, पण दोन गोष्टी. ज्येष्ठमध रोज आणि जास्त प्रमाणात घेतलं तर रक्तदाब वाढू शकतो, ज्यांना आधीच आहे त्यांनी जपून. आणि आपण जे खातो-पितो ते स्वरतंतूंना लागत नाही. ते अन्ननलिकेत जातं, तंतू श्वासाच्या वाटेवर आहेत. लागलं तर ठसका येईल! पाण्याचा उपयोग होतो तो शरीरात गेल्यावर. म्हणून भाषणाच्या वेळी घोट घेण्यापेक्षा सकाळपासून पाणी पीत राहणं महत्त्वाचं. वाफेचा ओलावा मात्र थेट पोचतो. थंडगार मेंथॉलच्या गोळ्या बैठकीआधी नकोत. घसा बधिर झाला की ताण पडलेला कळत नाही.

आणखी एक राहिलं होतं. सुरुवात करायच्या आधी "अहं अहं" करून घसा खाकरायची सवय असेल तर सोडा. त्यात स्वरतंतू एकमेकांवर आपटतात. आवंढा गिळा, नाहीतर पाण्याचा घोट घ्या.

वाळवण | गुरुवार, दुपारी १:४१

आमचे सासरे खाकरले नाहीत तर घरात कोणाला कळणारच नाही ते आलेत.

पाटी_पेन्सिल | गुरुवार, रात्री ८:५०

स्वरपेटी, मला तुमच्यासारख्याच एका ताईंनी पेल्यातल्या पाण्यात स्ट्रॉ बुडवून "ऊऽ" करायला लावलं होतं. नातवंडांना फार आवडलं. ते अजून देतात का?

स्वरपेटी | गुरुवार, रात्री ९:३५

देतो की! अमेरिकेतल्या इंगो टिट्झ या आवाजाच्या अभ्यासकाने स्ट्रॉचा व्यायाम बराच लोकप्रिय केला. तोंडाकडची वाट अरुंद झाली की हवेचा थोडा दाब मागे वळतो, त्यामुळे स्वरतंतू कंप पावतात पण एकमेकांवर जोरात आदळत नाहीत. स्ट्रॉचं टोक पाण्यात दोन-तीन सेंटीमीटर खाली ठेवा आणि बुडबुडे एकसारखे येऊ द्या. बुडबुडे अडखळले की हवा अडखळली, हे डोळ्यांना दिसतं. बैठकीच्या आधी गाडीत बसून पाण्याच्या बाटलीतही करता येतं. गाडी चालवताना नको.

वाळवण | शुक्रवार, सकाळी १०:१५

वाचनखूण साठवली आहे. आमच्याकडे सोसायटीच्या सर्वसाधारण सभेत उपयोगी पडेल. तिथे मात्र सगळ्यांचेच आवाज मजबूत आहेत.

तिरफळ | पुढच्या महिन्यात, गुरुवार, रात्री ९:१०

धागा वर काढते. काल बैठक झाली.

प्लँट इंजिनीअरला विचारलं, तर कॉम्प्रेसर बंद करता येत नाही म्हणाला, पण मधलं दार उघडं राहत होतं, ते लावून घेतलं. एवढ्यानेच निम्मा आवाज गेला, इतके महिने कोणाच्या लक्षात आलं नव्हतं! मी टेबलाच्या मध्यावर उभी राहिले. वाक्यं लिहून तोडली, क्रियापदांच्या आधी खुणा केल्या. आलेखावर "बघून घ्या" म्हणून गप्प बसले. पहिल्यांदा ती शांतता भयानक लांब वाटली, पण कोणी काही म्हणालं नाही, सगळे खरंच बघत होते. "काय म्हणालात?" एकदाच आलं आणि तेही फोनवर बोलत असलेल्या माणसाकडून. त्यामुळे मी ते मोजत नाही.

व्यायामांपैकी स्स्स् आणि स्ट्रॉ चालू आहे. खर्ज लावायला बसले तर शेजारच्या काकूंनी तब्येत विचारली, म्हणून तूर्त थांबवलंय.

एक मात्र जमत नाहीये. माझं बोलून झालं की प्रश्न येतात, आणि उत्तर देताना जुना आवाज परत. तिथे लिहून नेलेलं काही नसतं. एखाद्याने आडवा प्रश्न विचारला की श्वास वरच्या वर अडकतो.

स्पष्टवक्ती | गुरुवार, रात्री ९:२५

दार लावलं!! इतके दिवस तिचा आवाज लहान होता, आता कळलं दार उघडं होतं. असो. अभिनंदन.

स्वरपेटी | गुरुवार, रात्री १०:३०

प्रश्नांचं अगदी सगळ्यांना होतं. प्रश्न ऐकताना माणूस उत्तर जुळवत श्वास धरून बसतो, आणि प्रश्न संपला की त्या अडलेल्या, शिळ्या हवेवरच बोलायला लागतो. प्रश्न चालू असताना मुद्दाम श्वास सोडायचा, पूर्ण. म्हणजे प्रश्न संपेपर्यंत पुढचा श्वास आपोआप आत आलेला असतो. दुसरं म्हणजे, उत्तराचं पहिलं वाक्य अगदी छोटं ठेवायचं. "हो, ती बॅच मार्चची." थांबा. मग पुढचं.

विंगेतून | शुक्रवार, रात्री १२:२०

त्यावर सराव असा: घरातल्या कोणालातरी आडवेतिडवे प्रश्न विचारायला सांग, आणि त्यांचं बोलणं पूर्ण होईपर्यंत तू श्वास सोडत राहायचं. मध्ये तोडायचं नाही.

तिरफळ | शुक्रवार, सकाळी ७:४०

घरातल्या कोणालातरी म्हणजे सासूबाईंना. आज रात्रीपासून सुरू करते. त्यांच्या वाक्यात श्वासाची जागाच नसते, त्यामुळे माझा उच्छ्वास किती लांबतो ते कळेल.

खवट_काका | शुक्रवार, सकाळी ८:०५

त्या या संस्थळावर नाहीत याची खात्री करून घेतलीत ना?